कुलमुखत्यार

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या इसमाच्या प्रतिष्ठेचा ऱ्हास, निरोपसमारंभातील शाल, श्रीफळ व पुष्पगुच्छ सांभाळीत तो रिक्षात बसतो त्या क्षणी सुरू होतो आणि पुढे कोणत्याही उपायाने थांबत नाही, अशी माझी पुष्कळ दिवस समजूत होती. महसूल खात्यात अव्वल कारकुनापासून नायब तहसीलदारापर्यंत मजल मारताना ज्याच्या सहीसाठी माणसे व्हरांड्यात ताटकळत उभी राहिली, तो मी पुण्यास चिरंजीवांच्या सदनिकेत राहावयास आल्यावर वाण्याच्या दुकानातसुद्धा ‘ओ काका, जरा बाजूला व्हा’ एवढ्याच संबोधनाचा धनी उरलो होतो. परंतु घरात लॅब्रॅडॉर जातीचे म्हणून एक पिल्लू आले, नातवंडांनी सिंहाच्या एका चित्रपटावरून त्याचे नाव सिम्बा ठेवले, आणि त्याच्या गळ्यातील दोरीच्या दुसऱ्या टोकाशी माझी नियुक्ती झाली. ही नियुक्ती कोणाच्या हुकुमाने झाली, तिची मुदत किती आणि रजेची तरतूद काय, याविषयी एकही कागद दप्तरी आढळत नाही. चिरंजीव आणि सूनबाई हिंजवडीस जातात, नातवंडे शाळेत जातात, आणि ज्याला कोठेच जावयाचे नसते त्याने कुत्र्याला घेऊन जावे, हा न्याय घरात इतका स्वयंसिद्ध मानला गेला की त्यावर हरकती मागविण्याची औपचारिकताही कोणी पाळली नाही.

या नियुक्तीमुळे माझा प्रवेश एका विलक्षण मंडळात झाला. प्रभात रस्त्याच्या एका गल्लीच्या तोंडाशी, गुलमोहराखाली, सकाळी सहाच्या सुमारास भरणारी श्वानपालकांची सभा ही पुण्यातील अशी एकमेव सभा असावी की जिच्यात अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, आभारप्रदर्शन नाही, आणि तरीही कोणी मध्येच उठून जात नाही. कारण जावयाचे म्हटले तर एकमेकांच्या दोऱ्यांत गुरफटलेले पाय प्रथम सोडवून घ्यावे लागतात. या सभेत मनुष्यास स्वतःचे नाव नसते. ब्रुनोच्या आई, ऑस्करचे बाबा, कोकोची ताई अशी तेथील हजेरीपत्रकाची पद्धत असून, मी तेथे ‘सिम्बाचे आजोबा’ या नावाने रुजू झालो. ऑस्करचे बाबा जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त झालेले आहेत. एके काळी ज्यांचे नाव पुकारले जाताच सबंध न्यायालय उभे राहत असे, त्या गृहस्थांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा आम्ही सर्व मंडळी शहाळी घेऊन रुग्णालयात समाचारास गेलो, आणि स्वागतकक्षातील मुलीने ‘पेशंटचं नाव?’ असे विचारताच एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. नाव कोणासच ठाऊक नव्हते. अखेर कोकोच्या ताईने आपल्या मोबाइलवर ऑस्करचे छायाचित्र दाखविले, तेव्हा जवळून जाणारा एक वॉर्डबॉय म्हणाला, “हां, हा फोटो उशाशी ठेवलाय ते साहेब. तिसरा मजला.”

सभेच्या कामकाजात अग्रक्रम जन्मवार्तेला असतो. “पहाटे मोकळी झाली हो, सात झाली, सगळी सुखरूप आहेत,” असे ब्रुनोच्या आईंनी एके दिवशी सद्गदित कंठाने जाहीर केले. कोण मोकळी झाली, असे मी अजाणतेपणाने विचारले असता, “अहो, आमची सूनच म्हणायची!” असे उत्तर मिळाले. कुत्रीच्या गर्भधारणेचा काळ सुमारे ६३ दिवसांचा असतो. हे त्रेसष्ट दिवस सभेतील प्रत्येकाने आपापल्या बोटांवर मोजलेले होते, आणि पुढे पिल्लांचे डोळे उघडावयास लागणारे दोन आठवडेही त्याच एकाग्रतेने मोजले गेले. रोज सकाळी ‘उघडले का?’ एवढाच प्रश्न विचारला जाई आणि त्याचा अर्थ कोणास समजावून सांगावा लागत नसे. याच सुमारास माझ्या पुतणीला जुळे झाल्याची वार्ता मी सभेपुढे ठेवली. तीवर क्षणभर आदरयुक्त शांतता पसरली, आणि मग कोकोच्या ताईने मोठ्या आस्थेने विचारले, “जंतांचं औषध सुरू केलंत का?”

जन्मवार्तेमागोमाग कुलशीलाची चौकशी येते. आमच्या सभेत समाजशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक असून त्यांनी जातिनिर्मूलनावर गावोगाव व्याख्याने दिली आहेत आणि स्वतःच्या दोन्ही मुलांचे आंतरजातीय विवाह हौसेने लावून दिले आहेत. परंतु कुत्र्याचा प्रश्न निघाला की हेच गृहस्थ चष्मा पुसून, “घराणं कोणतं? केनेल क्लबचे पेपर्स आहेत का? आजोळ बघून घेतलंत ना?” अशी उलटतपासणी आरंभतात. सिम्बाच्या बाबतीत आमच्याजवळ कागद नव्हते. होती ती विक्रेत्याची तोंडी ग्वाही. ‘वडील चॅम्पियन, आई अत्यंत शांत’ हे त्याचे शब्द ऐकताना मला आमच्या तालुक्यातील एका विवाहमध्यस्थाची आठवण झाली होती, पण चिरंजीवांनी पैसे मोजले होते. पुढे सिम्बा मोठा होऊ लागला तसे त्याचे कान, जे लॅब्रॅडॉरच्या परंपरेनुसार लोंबत राहावयास हवे होते, ते एके दिवशी उभे राहिले आणि पुन्हा खाली आले नाहीत. शेपटीनेही हळूहळू वर्तुळाकार धारण केला. प्राध्यापकांनी त्याच्याकडे सर्व बाजूंनी पाहून आवाज खाली आणला आणि म्हटले, “राग मानू नका, पण यात थोडं आपलं इकडचं रक्त दिसतंय.”

कोपऱ्यावरचा दूधवाला, ज्याच्या दुकानापुढे मोती नावाचा एक सर्वमान्य गावठी कुत्रा दिवसभर पहुडलेला असतो, तो एवढेच म्हणाला, “मोतीचाच भाऊ दिसतोय की ओ, आजोबा!” हे वाक्य मी घरी पोचविले नाही, परंतु चिरंजीव संध्याकाळी उगाचच उदास दिसले, यावरून ते अन्य मार्गाने पोचले असावे. मी त्यांची समजूत घातली की, मुळात लॅब्रॅडॉर ही जातच लॅब्रॅडॉर प्रांतातली नव्हे. तिचे पूर्वज न्यूफाउंडलंड बेटावरील कोळ्यांबरोबर जाळी ओढीत होते, विलायतेतील उमरावांनी त्यांना आणून वाढविले, आणि १९०३ साली तिकडच्या केनेल क्लबाने त्यांच्या नावावर शिक्कामोर्तब केले. ज्या गावचे आडनाव लावतात त्या गावची वेस पिढ्यान्‌पिढ्या न पाहिलेली शेकडो कुटुंबे मी माझ्या सेवाकाळात सातबाऱ्यावर पाहिली आहेत. त्यांच्या उताऱ्यावर जर कोणी हरकत घेतली नाही, तर सिम्बाच्या शेपटीवर का घ्यावी? चिरंजीव म्हणाले, “बाबा, ते ठीक आहे, पण पैसे लॅब्रॅडॉरचे घेतलेत.”

आता, कुळात काही न्यून राहिले असेल तर ते शिक्षणाने भरून काढावे, हा मध्यमवर्गाचा पूर्वापार उपाय असल्यामुळे सिम्बासाठी एक शिक्षक ठेवण्यात आला. आठवड्यातून दोनदा एक तरतरीत तरुण मोटारसायकलवरून येतो, आणि तासाभराचे एवढे वेतन घेतो की माझा पहिला मासिक पगार त्याच्या मागे लाजून उभा राहील. त्याने पहिल्याच दिवशी आम्हां सर्वांस ओळीने उभे करून सांगितले की कुत्र्याला द्यावयाची आज्ञा इंग्रजीत, एका शब्दाची आणि एकदाच द्यावयाची. पुनरुक्ती केल्यास आज्ञेचे मूल्य नष्ट होते. माझ्या सौभाग्यवतीने जन्मात कधी इंग्रजी शब्द निष्कारण उच्चारलेला नाही, परंतु नातवंडांच्या आग्रहाखातर ती पुढे झाली आणि म्हणाली, “सिट रे बाळा, सिट हो, असं काय करतोस, शहाणा ना तू, सगळे बघतायत, सिट बरं.” सिम्बाने हे निवेदन मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि मग तिच्या पदराचे टोक तोंडात धरले.

“काकू, कमांड एका शब्दात,” शिक्षक म्हणाला.

“अहो, या घरात एका शब्दात सांगून कुणी काही केलंय का आजवर?” असे म्हणून तिने सिम्बाकडे न पाहता माझ्याकडे पाहिले.

दुसऱ्या कोणत्याही आज्ञेचा सिम्बावर परिणाम झाल्याचे दप्तरी नमूद नाही. ‘स्टे’ म्हटले की तो येतो, ‘कम’ म्हटले की बसतो आणि ‘नो’ हा शब्द त्याला आपल्या नावाचाच एक प्रकार वाटतो. मात्र भांडी घासणाऱ्या मावशी सकाळी आल्या, ओल्या फरशीकडे धावत निघालेल्या सिम्बावर त्यांनी मान न वळवता, “ए, आत्ता पुसलंय. बस तिथं गप,” एवढे शब्द टाकले, की तो भिंतीला लागून जो बसतो तो मावशींचे काम आटोपेपर्यंत पापणीदेखील हलवीत नाही. शिक्षकाने हे दृश्य पाहिल्यावर त्यांना मोठ्या जिज्ञासेने त्यांची पद्धती विचारली. “पद्धत कसली आलीय?” मावशी म्हणाल्या, “मी दोनदा सांगत नसते.”

सभेत मात्र शिक्षणविषयक वार्ता निराळ्याच पातळीवर चालतात. तेथे प्रत्येकाचा कुत्रा हस्तांदोलन करतो, वर्तमानपत्र आणून देतो आणि फटाक्यांना भीत नाही. फक्त सभेच्या वेळी त्याची ‘मनःस्थिती’ नसते. पुण्यातल्याच गुन्हे अन्वेषण विभागाच्या श्वान प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्या झंजीर नावाच्या लॅब्रॅडॉरने १९९३ च्या मुंबईतील बाँबस्फोटांनंतरच्या तपासात ३,००० किलोंहून अधिक आर.डी.एक्स. हुडकून काढले होते, आणि त्याच्या निधनानंतर पोलिसांनी त्याला सन्मानाने निरोप दिला होता. हा वृत्तान्त ऑस्करच्या बाबांनी सांगितला त्या दिवशी घरी परतताना मी सिम्बाकडे मोठ्या अपेक्षेने पाहू लागलो. त्यानेही निराशा केली नाही. एका बंद फाटकाच्या आतील, एका बंद डिक्कीच्या आतील, एका बंद पिशवीतील खारी बिस्किटांचा त्याने बिनचूक शोध लावला आणि डिक्कीच्या मालकाने बाहेर येऊन विचारणा करीपर्यंत तो तेथून तसूभर हलला नाही.

या भुकेला शास्त्राचा आधार आहे, असे मला मागाहून कळले. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिले की, लॅब्रॅडॉरांपैकी सुमारे चौथ्या हिश्श्याच्या अंगी एका जनुकाचा लहानसा तुकडा गहाळ असतो, आणि त्यामुळे पोट भरल्याचा अहवाल वरिष्ठ कार्यालयास मिळतच नाही. ही बातमी चिरंजीवांनी मोठ्याने वाचून दाखविली, कारण सिम्बाच्या लॅब्रॅडॉरपणाचा हा त्यांच्या हाती लागलेला पहिला पुरावा होता. परंतु खादाडपणास विज्ञानाची मान्यता मिळाली म्हणून पथ्य सुटत नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हे पदार्थ कुत्र्याला विषासमान असल्यामुळे आमच्या घरात बारमाही चातुर्मास पाळणारा तेवढा तोच एक जीव आहे. आणि नामदेवांनी भाकरी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावावे हे संतचरित्रात कितीही शोभून दिसले, तरी आमच्या प्राण्यांच्या डॉक्टरांनी तूपही बंद केले आहे.

कुत्र्याच्या वर्तनशास्त्राचा सर्वांत बिकट प्रश्न आमच्या घरी नोव्हेंबरात उपस्थित झाला. नोव्हेंबर हा निवृत्तिवेतनधारकाने आपण हयात असल्याचा दाखला सादर करण्याचा महिना होय. हल्ली हे काम बोटाच्या ठशावर घरबसल्या होते असे चिरंजीव सांगतात, परंतु ज्याने उभी हयात कागदावर काढली त्याने आपली हयात कागदाखेरीज सिद्ध करावी हे मला प्रशस्त वाटत नाही. सुवाच्य अक्षरात भरलेला, फोटो चिकटविलेला तो नमुना मी टेबलावर ठेवून आंघोळीस गेलो आणि परत येऊन पाहतो तो फरशीवर फक्त ‘प्रमाणित करण्यात येते की सदर निवृत्तिवेतनधारक’ एवढाच मजकूर शिल्लक होता. पुढील विधान सिम्बाच्या पोटात गेले होते. मी आवाज चढविताच त्याने कान पाडले, नजर भिंतीकडे वळविली आणि शेपटी पोटाखाली घेतली.

“बघा, बघा, त्याला कळलंय काय केलंय ते! किती ओशाळलाय!” चिरंजीव कौतुकाने म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सभेत या मुद्द्यावर प्रदीर्घ चर्चा झाली. कोकोची ताई मानसशास्त्राचा अभ्यास करते. तिने सांगितले की, न्यूयॉर्कच्या बार्नर्ड महाविद्यालयातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली याच मुखचर्येची परीक्षा घेतली आहे. मालकाने खाऊस तोंड लावू नको असे बजावून खोलीबाहेर जावयाचे, मागे काही कुत्र्यांनी तो खावा व काहींनी खाऊ नये अशी व्यवस्था करावयाची, आणि परत आल्यावर मालकाला मात्र खरे अथवा खोटे काहीही सांगावयाचे, अशी ती योजना होती. निष्कर्ष असा निघाला की, कुत्र्याचा चेहरा अपराध्यासारखा होतो तो अपराध केल्यामुळे नव्हे, तर मालकाने रागे भरल्यामुळे. किंबहुना ज्यांनी काहीच केले नव्हते ती निष्पाप कुत्रीच बोलणी बसल्यावर अधिक ओशाळी दिसली. हे ऐकून ऑस्करच्या बाबांचे डोळे पुष्कळ दिवसांनी चमकले. “म्हणजे पोलिसासमोरचा कबुलीजबाब झाला हा,” ते म्हणाले. “आमच्या वेळी भारतीय पुरावा कायदा, १८७२, कलम २५; आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३, कलम २३. ग्राह्य नाही. सोडून द्या त्याला.”

सिम्बा सुटला, परंतु मी अडकलो. दाखल्याचा उरलेला तुकडा घेऊन मी संबंधित खिडकीपाशी गेलो आणि ‘मूळ दाखला पाळीव श्वानाने भक्षण केल्याकारणाने’ असा विनंतीअर्ज सादर केला. खिडकीतील गृहस्थांनी तो दोनदा वाचला.

“कुत्र्याने खाल्ला याला पुरावा?”

“हा तुकडा आहे ना.”

“तुकड्यावर दात कुणाचे ते कसं समजायचं? प्राण्यांच्या डॉक्टरांचं पत्र जोडा.”

“पण मी स्वतः आपल्यासमोर उभा आहे.”

“ते दिसतंय हो मला,” ते गृहस्थ कळवळून म्हणाले, “पण फाइलला दिसत नाही ना!”

कोणी म्हणेल की हे ऐकून मला संताप यावयास हवा होता. मला मात्र त्या उत्तरात आपल्याच खात्याचे पाणी दिसले आणि ऊर भरून आला. त्यांच्या जागी मी असतो तर पत्राच्या तीन प्रती मागितल्या असत्या.

या प्रकरणाचा खरा निकाल मात्र घरी लागला. संध्याकाळी सूनबाई कामावरून आल्या, त्यांनी तो तुकडा उचलून नाकापाशी नेला आणि सिम्बाला मांडीवर घेऊन त्याच्या कानाशी, परंतु साऱ्या दिवाणखान्यास ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “काय रे सिम्बा, कागदाला चकलीचा वास कसा आला? आपल्या घरात तळलेलं कुणाला बंद केलंय डॉक्टरांनी?” सिम्बाने उत्तर दिले नाही. मीही दिले नाही. परंतु त्या क्षणी मला या प्राण्याच्या गृहप्रवेशाचे खरे प्रयोजन उमगले. घर राखावयास सोसायटीने पहारेकरी ठेवलेला आहे आणि नातवंडांशी खेळावयास मोबाइल आहे. सिम्बा आमच्याकडे आला तो कुलमुखत्यार म्हणून. जे स्वतःच्या नावाने बोलता येत नाही ते त्याच्या नावाने बोलावयाचे, आणि ज्याला ऐकवावयाचे त्याने ते कुत्र्याशी चाललेले संभाषण म्हणून निमूट ऐकून घ्यावयाचे, अशी ही व्यवस्था असून, तीत कोणाचा अपमान होत नाही आणि काही सांगावयाचे राहतही नाही.

ही किल्ली हाती आल्यानंतर सभेतील सर्व वार्तांचे अर्थ मला उलगडू लागले. “ब्रुनोला पाहुणे दोन दिवसांपेक्षा जास्त राहिलेले आवडत नाहीत,” असे त्याच्या आई सांगतात तेव्हा त्यांच्या नणंदेचे सामान दारात असते. “ऑस्करला कुणी मध्ये बोललेलं खपत नाही” हे निवेदन ऑस्करचे बाबा, कोणी मध्ये बोलताच, करतात. ऑस्कर त्या वेळी झोपलेला असतो. “कोकोला ना, हल्ली अभ्यासाच्या खोलीत गुदमरल्यासारखं होतं” असे तिची ताई परीक्षेच्या तोंडावर सांगू लागली, तेव्हा सर्व वडीलधाऱ्यांनी कोकोला थोडी विश्रांती द्यावी असा एकमुखी सल्ला दिला, जो त्या मुलीला तिच्या स्वतःच्या नावावर जन्मात मिळाला नसता. आमच्या सौभाग्यवतीने तर या मुखत्यारपत्राचा भरपूर वापर केला. “सांग रे तुझ्या आजोबांना, घोरण्यानं तुझी झोप मोडते म्हणून,” असे ती सिम्बाला सांगते. आणि मी त्याच न्यायाने, “आजीला म्हणावं, आमटीत मीठ पडलं नसेल तर सिम्बाची काही तक्रार नाही,” असे कळवितो. ज्याला आमटी वर्ज्य आहे त्याच्या नावाने मिठाची तक्रार दाखल व्हावी, यात मुखत्याराच्या अधिकारांचा अतिरेक होतो खरा. पण असा अतिरेक न झालेले मुखत्यारपत्र मी उभ्या नोकरीत पाहिलेले नाही.

कुत्रा नसणाऱ्यांनाही या व्यवस्थेवाचून गत्यंतर नसते, हे लिफ्टच्या तंट्यात सिद्ध झाले. सोसायटीच्या सूचनाफलकावर ‘पाळीव प्राण्यांनी लिफ्टचा वापर करू नये’ असा फतवा निघाला. तो थेट प्राण्यांनाच उद्देशून असल्यामुळे आम्ही त्याकडे काणाडोळा करावयाचे ठरविले. सोसायटीची सभा बोलावली गेली. ऑस्करच्या बाबांनी मला २०१५ सालच्या मार्गदर्शक सूचनांची प्रत दिली होती, जिच्यात केंद्र शासनाच्या प्राणी कल्याण मंडळाने, पाळीव प्राण्यांना लिफ्टची मनाई करता येणार नाही, असे गृहसंस्थांना बजाविलेले आहे. अध्यक्षमहाशय म्हणाले, “माझं स्वतःचं काही म्हणणं नाही हो. आमचा नातू घाबरतो.” मुखत्यार नातू त्या वेळी टेबलाखाली सिम्बाच्या पोटावर डोके ठेवून त्याचे कान मोजीत होता. हे पाहून तिसऱ्या मजल्यावरील एका कीर्तनप्रेमी काकूंना स्फुरण चढले, आणि महाप्रस्थानिक पर्वात प्रत्यक्ष इंद्र रथ घेऊन आला असताही, कुत्र्याला टाकून स्वर्गात येणार नाही असे युधिष्ठिराने कसे ठणकावून सांगितले, ही कथा त्यांनी साग्रसंगीत निवेदन केली. सभा भारावून गेली. अध्यक्षांनी कागद चाळले आणि म्हणाले, “युधिष्ठिराकडे मेंटेनन्सची थकबाकी नव्हती.” थकबाकी त्याच रात्री भरण्यात आली आणि सिम्बा लिफ्टने जाऊ लागला.

अशा रीतीने सर्व व्यवहार सुरळीत चालला असता चिरंजीवांनी एके दिवशी वार्ता आणली की ब्रुनोच्या सातांपैकी एक पिल्लू अद्याप कोठे दिले गेलेले नाही. सकाळी दोरीच्या टोकाशी कोणाची नियुक्ती आहे हे ध्यानी घेता एका दोरीच्या दोन होणे म्हणजे काय, याचा मी विचार केला आणि रीतसर मार्गाने हरकत नोंदविली. “सिम्बा,” मी रात्री जेवताना म्हणालो, “तुला बाबा घरात दुसरं कुणी आलेलं सोसणार नाही, हो की नाही?” सिम्बाने जांभई दिली. सूनबाईंनी पोळी वाढता वाढता शांतपणे सांगितले, “मला तर दुपारी म्हणाला, की एकट्याला करमत नाही.” सौभाग्यवती म्हणाली, “माझ्याशीही काहीसं तेच बोलला.” एकाच मुखत्याराने परस्परविरोधी पक्षांची वकिली स्वीकारावी आणि दोन्हींकडून पोळीचा तुकडा घ्यावा, हा व्यवसायनीतीचा उघड भंग होता, परंतु दाद मागावी कोणाकडे?

पिल्लू आले. त्याच्या २८ दुधाच्या दातांचा पहिला मोबदला माझ्या कोल्हापुरी चपलेला द्यावा लागला. घरातील कामकाजाची मात्र यथायोग्य विभागणी झाली: जुना मुखत्यार माझ्याकडे राहिला आणि नवा सूनबाईंनी नेमला. आता टीव्हीच्या आवाजाविषयी, पंख्याच्या वेगाविषयी आणि चकलीच्या डब्याच्या जागेविषयी दोन्ही बाजूंनी रोज संध्याकाळी कडाक्याचे युक्तिवाद होतात आणि ते चालू असता उभयपक्षांचे मुखत्यार कोचाच्या एकाच कोपऱ्यात एकमेकांच्या मानेवर पाय टाकून घोरत असतात. मी याबद्दल सभेत खेद व्यक्त केला, तेव्हा ऑस्करचे बाबा म्हणाले की पक्षकार हमरीतुमरीवर आलेले असता त्यांच्या वकिलांनी कँटीनमध्ये एकत्र चहा पिण्याची रीत जिल्हा न्यायालयात फार जुनी आहे. त्या चहाचे पैसे अखेरीस कोणाच्या खिशातून जातात, ते त्यांनी सांगितले नाही. ते मला प्राण्यांच्या डॉक्टरांचे पहिले दुहेरी बिल हाती पडल्यावर कळले.